हरवलेलं पाऊल शोधणारं यंत्र

पंढरीची वारी करून गजानन महाराजांची पालखी परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा लाखो माणसं तिच्यासोबत पायी चालतात. बुलढाणा जिल्ह्यात चालणं ही भक्ती आहे. अशा मुलखात एखाद्याच्या अंगावरून वारं गेलं, की अख्खं घर खचतं. माणूस आधाराने उभा राहतो, पण पाऊल उचलत नाही. चवडा जमिनीला घासतो आणि सगळा पाय बाहेरून गोल फिरवत पुढे आणावा लागतो.

अशा पायांसाठी स्वित्झर्लंडमधल्या होकोमा कंपनीने 'लोकोमॅट' घडवलं. रुग्णाला पट्ट्यांनी बांधून ट्रेडमिलवर उभं करतात. वरचा दोर त्याचं काही वजन पेलतो. पायांना बाहेरून सांगाडा चढवतात. दोन्ही खुबे आणि दोन्ही गुडघे मिळून चार मोटारी पाय वाकवतात, सरळ करतात. चवडा लोंबू नये म्हणून पट्टे तो उचलून धरतात. रुग्णाचा पाय जोर धरू लागला, की फिजिओथेरपिस्ट मोटारींची मदत कमी करत जातो.

पक्षाघातात मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शाबूत भाग त्याचं काम शिकून घेऊ शकतो. त्यासाठी तेच पाऊल पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. पूर्वी दोन थेरपिस्ट दोन बाजूंना बसून हातांनी पाय पुढे सरकवत. त्यांचे हात दमत, यंत्र दमत नाही. ट्रेडमिल सोडून जमिनीवर चालवणारे सांगाडेही आता आहेत. त्यांपैकी 'एक्सो'ला अमेरिकेत 2016 मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी परवानगी मिळाली.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात अशा यंत्रांवरच्या 62 चाचण्या आणि 2440 रुग्ण तपासले गेले. त्यातून दिसलं, की फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली, तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वाधिक लाभ झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि ज्यांना मुळीच चालता येत नाही त्यांना.

आमचं दुखणं इथेच आहे. लोकोमॅट मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात आहे. शेगावहून रेल्वेने ती वाट साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास. ज्याला अंगण ओलांडता येत नाही, त्याने ती पुन्हा पुन्हा कशी कापावी? ही यंत्रं जिल्ह्याच्या ठिकाणी यायलाच हवीत. तोवर घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारावं, "फिजिओथेरपी कधी सुरू करायची?" ते तीन महिने यंत्राची वाट पाहत थांबत नाहीत.