क्लिंगॉन भाषेत ‘हॅलो’ नाही!

शाळेत असताना मी आणि माझी मैत्रीण ‘च’च्या भाषेत बोलायचो. ‘चमी चरीघ चतेजा!’ आपण काय हुशार आहोत, असं वाटायचं. आई मात्र मिनिटभरात सगळं ओळखायची. कारण ती भाषा नव्हतीच. मुखवटा घातलेली मराठी होती ती.

मग खरीखुरी नवी भाषा बनवायची, तीही माणसांची नाही, परग्रहावरच्या लढवय्यांची, तर? मार्क ओक्रँड या अमेरिकन भाषातज्ज्ञाने हे केलं. तेही नोकरी सांभाळून, बरं का! हा माणूस टीव्हीच्या कार्यक्रमांना कर्णबधिरांसाठी सबटायटल्स पुरवणाऱ्या संस्थेत काम करायचा. ‘स्टार ट्रेक’च्या तिसऱ्या सिनेमासाठी (१९८४) त्याने क्लिंगॉन भाषा रचली आणि पुढच्याच वर्षी तिची डिक्शनरीही आली. आपले साइड प्रोजेक्ट्स आठवून मी जरा गप्पच बसले.

मुद्दाम वाकडं

ओक्रँडची युक्ती सोपी होती. भाषा माणसांची वाटायला नको, पण बोलणारे नट तर माणसंच! म्हणून त्याने आवाज माणसांच्या भाषांमधलेच घेतले, पण त्यांची मोट विचित्र बांधली. जीभ उलटी वळवून म्हणायचा आपला ‘ड’ क्लिंगॉनमध्ये आहे, पण तशीच जीभ वळवून म्हणायचा त्याचा जोडीदार ‘ट’ नाही. वाक्यही उलटं: आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. जगात फार थोड्या भाषांचा हा नियम आहे. आपण मात्र ठसक्यात ‘चहा प्यायले मी!’ म्हणतोच की. फरक एवढाच, की क्लिंगॉन माणूस कायम ठसक्यात असतो.

त्याच्याकडे ‘हॅलो’ला शब्दच नाही. भेटल्यावर तो विचारतो, ‘नुक्नेख?’ म्हणजे ‘काय हवंय?’ (पुण्यातलं एखादं दुकान आठवलं असेल, तर दोष माझा नाही.) गंमत अशी, की या एका शब्दात अख्खा समाज दिसतो. उगाच गोड बोलायचं नाही, कामाचं बोला.

बोटं आठ, हिशेबही आठचा

‘अवतार’ (२००९) सिनेमातल्या निळ्या नावींची भाषा पॉल फ्रॉमर यांनी बनवली. नावींच्या एका हाताला चारच बोटं. म्हणून त्यांची मोजणी दहाची नाही, आठची! शिवाय ‘पाहणं’ यासाठी दोन क्रियापदं: एक डोळ्यांनी पाहण्यासाठी, दुसरं समोरच्याला आतून ओळखण्यासाठी. भेटल्यावर ते दुसरं वापरतात. म्हणजे शरीर, स्वभाव, श्रद्धा आधी, शब्द नंतर.

टिकायचं की नाही?

१९९१च्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमात क्लिंगॉन पात्राला हॅम्लेटचं असण्या-नसण्याचं वाक्य म्हणायचं होतं. पंचाईत! ‘असणे’ हे क्रियापद ओक्रँडने ठेवलंच नव्हतं. शेवटी ‘टिकून राहणे’ हे क्रियापद वापरलं गेलं.

हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना, कारण ओक्रँडची सुरुवातच न टिकलेल्या भाषेपासून झाली. १९७७ साली त्याने बर्कलीत पीएच.डी. केली ती मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेवर. ती सफाईने बोलणारी शेवटची बाई १९३० साली वारली होती. जुन्या अभ्यासकांच्या टिपणांवरून त्याने तिचं व्याकरण जुळवलं. पुढे मुत्सुन वंशजांनी आपली भाषा पुन्हा शिकायला घेतली, तेव्हा त्यांना हेच व्याकरण उपयोगी पडलं. २०१६ साली मुत्सुनचा शब्दकोशही निघाला.

क्लिंगॉनची गोष्ट नेमकी उलटी. १९९०च्या दशकात एका अमेरिकन बापाने बाळाशी पहिली तीन वर्षं फक्त क्लिंगॉनमध्ये बोलायचं ठरवलं. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंनाही शब्द सापडेनात, आणि मुलगा हळूहळू इंग्लिशकडेच वळला. डिक्शनरी होती, हॅम्लेटचं भाषांतरही झालं, पण बाळाला बोलायला घर, शेजार, आजी कुठे होती?

आजीवरून आठवलं. माझी आजी मालवणी बोलते आणि मी लहानपणापासून शुद्ध मराठीत उत्तर देते. हा लेख लिहिताना तिला फोन लावला. तिने नेहमीसारखं विचारलं, “काय गो, काय व्हया?”

म्हणजे ‘नुक्नेख’च की! माझ्या आजीकडेही ‘हॅलो’ नाही.

मी धीर करून म्हटलं, “काय नाय गो आजी, असोच फोन केलंय.” पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ती हसली आणि अर्धा तास बोलत राहिली. पाच शब्द मला विचारून घ्यावे लागले. लिहून ठेवलेत. या रविवारी पुढचे पाच.