पोर्च उचलायचा, पण कशाने?

पहिल्या पावसात पोर्चमध्ये पाणी साचलं, की भोपाळमध्येही गवंड्याला निरोप जातो. कोबा घालायचा की काँक्रीट? उत्तर जाडीत दडलंय. चार-पाच सेंटिमीटर उंची वाढवायची, तर एक भाग सिमेंटला चार भाग वाळू पुरते. साडेसात सेंटिमीटरच्या पुढे खडीचं काँक्रीटच बरं. सिमेंट-वाळूचा जाड थर सुकताना आक्रसतो आणि तडकतो. खडी आक्रसत नाही, उलट थराला रोखून धरते.

गुळगुळीत जुन्या फरशीवर नवा माल धरत नाही. म्हणून छिन्नीने टोचे पाडायचे, धूळ झाडायची, पाणी मारायचं, सिमेंटची पातळ स्लरी फासायची आणि ती ओली असतानाच माल टाकायचा. मीटरला एक सेंटिमीटर ढाळ अंगणाकडे हवा. पाणी भरलेली पारदर्शक नळी तो अचूक दाखवते. उंबरठा मात्र वरच राहू द्या.

भोपाळची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे भिंतीलगत बारीक फट सोडावी. शेवटी, किमान सात दिवस पाणी मारा. सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं.