पाळलेल्या जनावराचे नवे घर



कामगारांच्या प्रश्नांवर बोलणारा माणूस आज कुत्र्यामांजरांवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु हा विषय मला उचगावच्या भाड्याच्या खोल्यांनीच शिकवला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत कामाला जाणारे लोक आमच्याकडे राहतात. काम सुटले की खोली सुटते, आणि दाराशी वाढलेले कुत्रे मागे राहते.

असेच एक कुत्रे एका कामगाराने जाताना माझ्या स्वाधीन केले. मी ते घाईने एका गोदामवाल्याला देऊन मोकळा झालो. महिन्याने पाहतो तो आखूड साखळी आणि कोरडे भांडे! दोष त्याचा होताच. पण चौकशी न करता जीव हवाली करणारा मी होतो. कुत्रे परत आणले, आणि मग ही माहिती गोळा केली.

आपण ‘आसरा’ म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पांजरपोळ. 1832 साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळी चिडून उठली. दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. पुढे 1834 साली जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ निघाली. कोल्हापुरातही पांजरपोळ हे नाव एका औद्योगिक भागामुळे कामगारांच्या तोंडी आहे. पांजरपोळीत मुख्यतः थकलेली गुरे सांभाळतात.

दुसरी गोष्ट नसबंदी केंद्र. जन्मनियंत्रणाचे नियम 2001 साली आले, 2023 साली नवे झाले. त्यांप्रमाणे रस्त्यावरचे कुत्रे पकडून, नसबंदी करून, रेबीजची लस टोचून मूळ जागी सोडायचे असते. शाळा, इस्पितळे अशा आवारांपुरता सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली अपवाद केला. तात्पर्य, हे केंद्र म्हणजे आपले नकोसे कुत्रे ठेवण्याची जागा नव्हे.

तिसरी गोष्ट निवारा. तेथे जखमी, बेवारस जनावरांवर उपचार होतात आणि जमल्यास त्यांना घर मिळते. परंतु जागा मोजकी. गर्दी झाली की पिल्लांत पार्व्होसारखे रोग झपाट्याने पसरतात. म्हणून धडधाकट जनावर तेथे नेणे हा शेवटचा उपाय समजावा.

मग पहिला उपाय कोणता? आपणच घर शोधणे. त्याची रीत साधी आहे.

ओळखीच्या माणसांपासून सुरुवात करावी. लस टोचून, नसबंदी करून, डॉक्टरांचे कार्ड सोबत द्यावे. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. खोड लपवू नये. चावण्याची सवय असेल तर आधी सांगावी, नाहीतर चार दिवसांत ते रस्त्यावर येते. घेणाऱ्याचे घर स्वतः पाहावे. जनावर दिवसभर कोठे राहील, गावाला गेल्यावर कोण पाहील, घरमालकाची संमती आहे का, हे विचारावे. ओळखीचे अंथरूण आणि भांडे बरोबर द्यावे. महिनाभर विचारपूस करावी, आणि ‘नाही जमले तर मलाच परत द्या’ असा शब्द द्यावा.

‘सोडून दिले तर पोट भरेल’ ही समजूत खोटी आहे. घरात वाढलेल्या जनावराला रस्त्यावरची कुत्री आपल्या हद्दीत घेत नाहीत, आणि आमच्या उशाशी तर महामार्ग आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला 10 ते 50 रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? तेव्हा खरी राखण शेजाऱ्यांच्या नजरेची.

कामगाराची बदली झाली की नव्या जागी पाणी आहे का, छप्पर आहे का, हे आम्ही मालकाला विचारतो. कुत्र्याची युनियन नाही. त्याच्या वतीने हेच दोन प्रश्न विचारायचे काम ज्याच्या दारात ते वाढले त्याचे आहे.