अंत्यकाळाची चिन्हे आणि ख्रिस्ती मन

इ. स. 2018 च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या टापूत भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची एक मालिका सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपू लागले. दादरा-नगर हवेलीतही ते हादरे जाणवले. त्याच हिवाळ्यात आमच्या दुधनीकडील एक ख्रिस्ती गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची मुलगी शालान्त परीक्षेच्या वर्गात होती. मत्तयकृत शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय आमच्यापुढे उघडून त्यांनी विचारले, "गुरुजी, हे सारे घडू लागले आहे. प्रभू दाराशी आला असताना मुलीला परीक्षेला बसवून काय करायचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यामागे श्रद्धा होती, भय होते आणि एका मुलीचे भवितव्य होते. चालू घडामोडींत अंत्यकाळाची चिन्हे पाहण्याची ही वृत्ती कोठून येते आणि तिला योग्य वळण कसे लावावे, ह्याचा विचार अशा पालकांशी आणि त्यांच्या मुलांशी रोज संबंध येणाऱ्या शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी बायबलमध्ये 'युगाची समाप्ती' असा शब्दप्रयोग येतो. मूळ ग्रीक 'आयोन' ह्या शब्दासाठी 'युग' हा शब्द योजिला आहे. परंतु मराठी कानाला युग म्हटले की चार युगांचे चक्र आठवते. कलियुग सरले की पुन्हा सत्ययुग, अशी ती कल्पना. ख्रिस्ती दृष्टीने काळ असा फिरून येत नाही; तो एका दिशेने जातो आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनापाशी पूर्ण होतो. म्हणूनच ख्रिस्ती माणूस वर्तमान घटनांकडे इतक्या उत्कंठेने पाहतो. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाचे 'प्रकटीकरण' हे मराठी नावही मूळ अर्थास धरून आहे. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'आच्छादन दूर करणे' असा आहे. विनाश हा अर्थ त्यास पुढे लोकांच्या बोलण्यातून चिकटला.

आता तो चोविसावा अध्याय पाहू. यरुशलेमेच्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, असे येशूने सांगितल्यावर शिष्यांनी जैतुनाच्या डोंगरावर त्यास काळ आणि चिन्ह विचारले. उत्तराचा आरंभच, कोणी फसवू नये म्हणून जपा, ह्या इशाऱ्याने होतो. लढाया, दुष्काळ, भूकंप ह्यांचा उल्लेख येतो. परंतु घाबरू नका, एवढ्याने शेवट होत नाही, ह्या तर प्रसूतीच्या पहिल्या कळा आहेत, असेही तेथेच सांगितले आहे. पुढे अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. पालवी फुटली की उन्हाळा जवळ आल्याचे कळते. तेव्हा चिन्हे पाहूच नका, असे येशू म्हणत नाही. मात्र तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही, हेही तो निःसंदिग्धपणे सांगतो. मंदिराविषयीचे भाकीत इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले तेव्हा खरे ठरले. जग मात्र चालू राहिले.

ह्या दोन विधानांतील तोल सुटला की मनुष्य गणिताकडे वळतो. अमेरिकेत विल्यम मिलर ह्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा प्रभूच्या आगमनाचा दिवस मानला. तो दिवस उजाडला आणि मावळला. ही ओढ केवळ ख्रिस्ती लोकांनाच असते असेही नव्हे. 1962 च्या फेब्रुवारीतील अष्टग्रहीच्या वेळी आपल्या देशात किती यज्ञयाग झाले आणि किती लोक भयभीत झाले, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल. त्यानंतर 1967 चा कोयनेचा, 1993 चा लातूरचा व 2001 चा कच्छचा भूकंप, 2020 ची महामारी, ह्यांपैकी प्रत्येक प्रसंगी तोच अध्याय पुन्हा उघडला गेला असल्यास नवल नाही. लढाई, रोग आणि भूकंप ह्यांवाचून एकही पिढी गेलेली नाही. जे चिन्ह प्रत्येक पिढीस लागू पडते ते तारीख सांगू शकत नाही. हे जग नश्वर आहे आणि त्यातील प्रत्येकास हिशेब द्यावयाचा आहे, एवढेच ते सांगते. पण तेवढे सांगणेही थोडके नाही.

मग अशा चिन्हांच्या काळी वागावे कसे? थेस्सलनीकातील काही ख्रिस्ती लोक कामधंदा सोडून बसले होते. पौलाने त्यांस स्वतः काम करून स्वतःची भाकर खावी असे बजावले. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. 1896-97 मध्ये मध्यप्रांतात पुन्हा दुष्काळ पडला. त्याच काळात मुंबई-पुण्यास प्लेगने ग्रासले. मत्तयाच्या यादीतील दोन चिन्हे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. रमाबाई दुष्काळी भागात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावास 'मुक्ती' उभे राहिले. तेथे विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालविला, अंध मुलींस शिकविले. 1905 मध्ये तेथे मोठी आत्मिक जागृती झाली. जगभर त्या सुमारास अशा जागृतींकडे प्रभूच्या येण्याची पूर्वखूण म्हणून पाहणारे पुष्कळ होते. रमाबाई मात्र पुढील अनेक वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात गढून गेल्या. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते काम चालू होते. प्रभूच्या येण्यावर त्यांची श्रद्धा दृढ होती. तरीही त्यांनी विहीर खोदली आणि पुढच्या पिढीने वाचावे म्हणून व्याकरणाशी झुंज घेतली.

आम्ही त्या गृहस्थांशी त्यांच्या श्रद्धेविषयी वाद घातला नाही. तो आमचा अधिकारही नव्हता. आम्ही त्यांस एवढीच विनंती केली की, चोविसावा अध्याय वाचलात, आता पंचविसावाही वाचा. तेथे दिव्यात तेल भरून ठेवणाऱ्या कुमारिका आहेत. धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणारा दास दोषी ठरतो. आणि शेवटच्या न्यायात विचारणा होते ती भुकेल्यास अन्न दिले की नाही, आजाऱ्याचा समाचार घेतला की नाही, ह्याची. भूकंप किती झाले, हे तेथे कोणी विचारीत नाही.

ते बराच वेळ ती पाने वाचीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीची बुद्धी हेही पुरून ठेवायचे धन नव्हे तर." प्रभू लवकर येणार ही त्यांची खात्री जाताना तिळमात्र उणावली नव्हती. मार्चमध्ये मुलगी परीक्षेस बसली.