हकलदमा: एक शेत, एक नाव आणि दोन गोष्टी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लेखी रूप.

आजचा शब्द आहे हकलदमा. शब्द अरामी भाषेतला, अर्थ 'रक्ताचं शेत'. बायबलमधली ही दफनभूमी. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या दक्षिणेला हिन्नोमचं खोरं आहे, त्याच्या पलीकडच्या उतारावर ही जागा दाखवतात. निदान चौथ्या शतकाच्या अखेरीपासून परंपरा हीच जागा मानते.

आता प्रश्न असा, की रक्त कोणाचं?

बायबलमध्येच याची दोन उत्तरं आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात, यहूदा इस्कर्योत चांदीच्या 30 नाण्यांसाठी येशूला पकडून देतो. मग पस्तावतो, नाणी मंदिरात फेकतो आणि गळफास घेतो. याजकांपुढे पेच पडतो, कारण रक्ताचं मोल असलेला हा पैसा मंदिराच्या खजिन्यात चालत नाही. म्हणून ते त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतात, परक्या लोकांना पुरण्यासाठी. इथे रक्त येशूचं.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात मात्र शेत स्वतः यहूदाच घेतो, आणि तिथेच पडून, पोट फुटून मरतो. इथे रक्त यहूदाचं.

आम्ही इंजिनिअर लोक लगेच विचारणार, बरोबर लॉग कुठला? मीही तिथेच अडकलो होतो. दोन्ही गोष्टी जुळवायचे प्रयत्न शतकानुशतकं झालेत. पण मला वाटतं, खरी गंमत नावात नाही, वापरात आहे. जो पैसा कोणालाच नको होता, त्यातून ज्यांचं तिथे कोणीच नाही अशांसाठी जमीन आली.

आणि तो वापर टिकला. बाराव्या शतकात, क्रुसेडच्या काळात, यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवणाऱ्या हॉस्पिटलर संघाने इथे दगडी इमारत बांधली. घरापासून लांब मेलेले यात्रेकरू इथे ठेवले जात. तिचे अवशेष आजही आहेत. इथली माती मृतदेह झटपट विरघळवते, अशीही मध्ययुगात समजूत होती.

उलट 1989 मध्ये याच परिसरात उत्खनन झालं, तेव्हा खडकात कोरलेल्या, नक्षीदार कबरी सापडल्या. पहिल्या शतकातल्या, श्रीमंत कुटुंबांच्या! म्हणजे 'गरिबांचं शेत' म्हणतो, त्याच्या शेजारीच बड्या लोकांचं दफन.

पुढे 'कुंभाराचं शेत' हा शब्द इंग्रजीत बेवारस आणि गरिबांच्या दफनभूमीसाठी रूढ झाला. न्यूयॉर्कच्या हार्ट आयलंडलाही तेच म्हणतात. 1869 पासून तिथे 10 लाखांहून जास्त लोक पुरलेत. 2020 मध्ये कोविडच्या काळात तिथल्या चरांचे ड्रोनने घेतलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील.

हा भाग मी का केला, ते सांगतो. 2021 मध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. एक भाडेकरू काका गेले होते, गावाकडून कोणी पोहोचू शकत नव्हतं, चार माणसं हवी होती. मी मेसेज वाचला आणि फोन उलटा ठेवला. भीती होती, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या मजल्यावरचे तिघे आणि वॉचमन गेले. मीही त्या शहरात भाड्यानेच राहत होतो. त्या काकांइतकाच परका.

म्हणून मत्तयचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: शेत कशासाठी घेतलं, तर परक्यांना पुरण्यासाठी. रक्त कोणाचं यावर वाद होऊ शकतो. जमीन कोणासाठी, यावर तो कोणी घातल्याचं मी तरी वाचलं नाही.

तुमच्या गावात बेवारस माणसाचं शेवटचं कोण करतं? एकदा विचारून बघा, आणि कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!