जमीन पाहून बियाणं, यंत्र पाहून लिनक्स

मृगाच्या आधी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अनेक घरांत एक चाचणी होते. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० किंवा अधिक उगवले, तर बियाणं पेरणीला लायक. शिवाय घाटाखालच्या काळ्या कसदार रानात जे पेरतो, ते घाटावरच्या मुरमाड रानात कुणी डोळे झाकून पेरत नाही. जुन्या संगणकासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना हेच शहाणपण कामी येतं.

ही निवड आता अनेकांच्या दारात आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १०चा नियमित मोफत सुरक्षा-आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद. चिखली-मेहकरच्या घरांत, खामगावच्या दुकानांत, गावोगावच्या शाळांत असे धडधाकट संगणक आहेत. ते भंगारात घालण्याचं काहीच कारण नाही.

कपाशीचं संकरित बियाणं दर हंगामाला विकत आणावं लागतं. सोयाबीनचं सरळ वाण मात्र घरी राखता येतं, शेजाऱ्याला देता येतं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम या सरळ वाणाच्या जातीची. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. पुढे तो अशा परवान्याखाली आला की कुणीही तो वापरावा, बदलावा, वाटावा. फक्त बदललेलं वाटताना तेही खुलंच ठेवावं. त्यातून जगभर अनेक वाणं तयार झाली. त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात.

आता आधी आपली जमीन तपासा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. रॅम किती आणि प्रोसेसर ६४-बिट आहे का, हे तिथे कळतं. डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, तेही पाहून ठेवा.

४ जीबी किंवा अधिक रॅम असेल, तर नवख्याने सरळ ‘लिनक्स मिंट’ची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. विंडोजवर हात बसलेल्याला परकं वाटत नाही. मिंट २२ मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम २ ते ४ जीबी असेल, तर मिंटचीच हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती बरी. यंत्र ८ जीबीचं आणि अलीकडचं असेल, तर ‘उबुंटू’ही उत्तम. ३२-बिट यंत्रांसाठी पर्याय आटत चालले आहेत. ‘अँटिएक्स’सारखी अगदी हलकी वाणं शोधावी लागतात. हाती थोडे पैसे असतील, तर आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. त्या एका बदलाने यंत्राचा वेग सर्वांत जास्त वाढतो.

निवड झाली, तरी लगेच पेरू नका. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा, ‘रूफस’ या मोफत साधनाने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा आणि संगणक त्यावरून सुरू करा. डिस्कला हात न लावता लिनक्स तुमच्यासमोर चालू होतं. हीच आपली गोणपाटातली चाचणी. वायफाय जुळतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे एकेक करून पाहा. काही स्वस्त लेझर प्रिंटर इथे अडतात, ते पेरणीआधीच कळलेलं बरं.

मराठीची काळजी नको. इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंग्जमधून जोडता येतो, युनिकोड मजकूर नीट दिसतो, पत्रं आणि हिशेबासाठी लिबरऑफिस सोबतच येतं. अडचण येते ती कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या फायलींची. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि तुमचं पोट टॅलीवर, आधारच्या बोटठसा यंत्रावर किंवा विंडोजपुरत्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर त्या संगणकावर विंडोजच राहू द्या.

बाकी ठिकाणी चाचणी पास झाली, की फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, कारण लिनक्स बसवताना ‘डिस्क पुसा’ म्हटलं की सगळं जातं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर लाइट टिकून असेल अशी वेळ निवडा. अर्ध्यात वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

हे प्रयोग हौशी लोकांपुरते नाहीत. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकत आहेत. आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं भारतीय वाण तयार केलं आहे. आपल्याकडच्या शाळेत धूळ खाणारे पाच संगणक असे उभे राहिले, तर पाच पोरांचे हात कळफलकावर बसतील.

आणि तुमचं काम झाल्यावर तो पेनड्राइव्ह पुसू नका. शेजारी मागायला येईल. चांगलं उगवलेलं बियाणं आपल्याकडे कुणी एकट्याने ठेवत नाही.