ट्रॅक्टरचा टायर कोणता घ्यावा : रानाचा, चिखलाचा की रस्त्याचा?



उसाची शेवटची खेप कारखान्यावर पोचते, ट्रॉली सोडून ठेवली जाते, आणि मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांकडे नजर जाते. नक्षी झिजून टायर पार गोटा झालेला असतो. पुढे नांगरट आहे, पाऊस तोंडावर आहे. दुकानात गेलं की दुकानदार दोन-तीन तऱ्हेचे टायर दाखवतो, आणि आपण विचारतो, "मजबूत कुठला?"

हा प्रश्नच चुकीचा आहे. पहिला प्रश्न असा हवा, की माझा ट्रॅक्टर वर्षातले जास्त तास कुठे चालतो? रानात, चिखलात की डांबरी रस्त्यावर? तिन्ही ठिकाणी सारखाच चांगला चालेल असा टायर नाही. मागच्या टायरची एक जोड म्हणजे हजारोंचा खर्च. तेव्हा आधी हिशेब करा. ट्रॅक्टरवर तासांचा काटा असतो. कुठल्या कामाला किती तास गेले ते वर्षभर वहीत टिपून ठेवा. टायर निवडायला याहून चांगला सल्लागार नाही.

तीन तऱ्हा ओळखा

१) रानाचा साधा टायर. याच्यावर तिरपे, उंच पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांत ऐसपैस जागा असते. पट्टा मातीत रुततो, जोर धरतो, आणि मधल्या जागेतली माती फिरताना बाहेर फेकली जाते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या चिकट जमिनीत ही मधली जागा फार महत्त्वाची. ती मातीने बुजली, की पट्टे असून नसल्यासारखे. चाक नुसतं लिंपलेल्या गोळ्यासारखं फिरतं. नांगरट, कुळवणी, पेरणी हीच मुख्य कामं असतील तर हाच टायर घ्या.

२) चिखलाचा खोल नक्षीचा टायर. याचे पट्टे साध्या टायरपेक्षा बरेच उंच असतात. भाताच्या चिखलणीत तो खोलवर जाऊन पकड घेतो. पण हाच टायर डांबरी रस्त्यावर रोज पळवला, तर उंच पट्टे लवकर झिजतात आणि गाडी हादरे देते. कोकणात किंवा मावळात वर्षातून थोडेच दिवस चिखलणी असेल, तर साधा टायर ठेवून लोखंडी केजव्हील लावणं परवडतं. केजव्हील लावून डांबरी रस्त्यावर मात जाऊ नका. रस्ताही खराब होतो आणि एक्सलवरही ताण येतो.

३) ओढणीचा टायर. याचे पट्टे रुंद, कमी उंच आणि जवळजवळ असतात. रस्त्याला जास्त रबर टेकतं, म्हणून तो सावकाश झिजतो आणि कमी हादरतो. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात महिनोन्‌महिने ऊस ओढणाऱ्यांना, किंवा वीट-वाळूची भाडी करणाऱ्यांना हा योग्य. पण ओल्या रानात त्याची पकड कमी पडते.

ढोबळ नियम असा, की निम्म्याहून जास्त तास रस्त्यावर असतील तर ओढणीचा टायर, नाहीतर रानाचा साधा.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या कडेला 13.6-28 असं लिहिलेलं असतं. यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. मधे रेघेऐवजी ‘आर’ अक्षर असेल, तर तो रेडियल टायर. रेडियलची बगल मऊ असते, जमिनीला तो जास्त टेकतो, म्हणून रानात कमी घसरतो आणि माती कमी दाबतो. पण किंमत जास्त, आणि दगडधोंड्याच्या, काटेरी रानात बगलेला इजा होण्याची भीती. प्लाय रेटिंगचा आकडा टायर किती भार सोसेल ते सांगतो.

आणखी एक चार आकडी खूण पाहा. 2324 असेल, तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. जुना माल स्वस्त मिळतो म्हणून हुरळून जाऊ नका.

टायर बसवताना बगलेवरचा बाण बघा. पुढे जाताना चाक बाणाच्या दिशेने फिरलं पाहिजे, म्हणजे पट्ट्याचं मधलं टोक आधी जमिनीला टेकतं आणि चिखल दोन्ही बाजूंना सरकतो. उलटा बसवलेला टायर चिखल आत ओढतो.

चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर असेल, तर पुढच्या-मागच्या टायरचं माप कंपनीने जुळवून दिलेलं असतं. मनाने माप बदललं तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. टायर झिजतो, गिअरवर ताण येतो. कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर बंद ठेवा.

हवा : फुकटचं औषध

नवा टायर घेण्याआधी हवा मोजा. 35 ते 45 अश्वशक्तीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना मागच्या टायरमध्ये रानात साधारण 12 ते 14 पौंड हवा लागते. ट्रॉली ओढताना त्याहून चार-सहा पौंड जास्त. आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा.

रानात हवा जास्त ठेवली तर टायर फुगून मधल्या भागावरच टेकतो. मग तो घसरतो, डिझेल जळतं आणि माती दबते. उलट, ट्रॉली ओढताना हवा कमी असेल तर बगल सारखी दुमडते, तापते आणि भेगाळते. रिमवर टायर सरकला, तर ट्यूबचा व्हॉल्व्हही तुटतो. म्हणून रस्त्यावरून रानात येताना हवा कमी करायची आणि परत जाताना भरायची. जरा कटकट वाटेल, पण दोन्हीकडचा पैसा वाचतो.

घसर मोजा

चाक फिरतं पण गाडी तेवढी पुढे जात नाही, याला आपण घसर म्हणू. ती घरच्या घरी मोजता येते. मागच्या टायरवर खडूने खूण करा. त्याच रानात नांगर उचलून चाकाचे दहा फेरे मारा आणि अंतर मोजा. समजा ते 40 मीटर भरलं. आता नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मारा. समजा 35 मीटर भरलं. म्हणजे 40 मध्ये 5 मीटर वाया गेलं, घसर साडेबारा टक्के.

रानात 8 ते 15 टक्के घसर ठीक. 15 च्या वर गेली, तर टायर आणि डिझेल दोन्ही जळतंय. हवा तपासा, वजन वाढवा किंवा नांगराची खोली कमी करा. 8 च्या खाली असेल, तर गाडीवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे.

वजन वाढवायला मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून त्या उंचीपर्यंतच भरा, म्हणजे सुमारे 75 टक्के. वरची जागा हवेला सोडावी लागते. चिखलणीला मात्र पाणी काढून टाका, नाहीतर गाडी रुतेल.

माती दबू देऊ नका

टायर झिजला तर नवा मिळतो, पण दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला वेळ लागतो. चाकाखाली माती घट्ट झाली, की पाणी मुरत नाही आणि मुळं खाली जात नाहीत. चाकाच्या पहिल्याच फेरीत माती सगळ्यात जास्त दबते. म्हणून रानभर कसंही न फिरता ठरलेल्या वाटांनीच चाक न्या. आणि वापसा आल्याशिवाय ट्रॅक्टर रानात घालू नका. ओल्या काळ्या रानात कुठलाही भारी टायर मातीला वाचवू शकत नाही.

जिवाची गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॅक्टर चिखलात रुतला की काही जण मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून जोर लावतात. हे कदापि करू नका. ओंडका अडकला की चाक फिरत नाही, मग इंजिनाचा सगळा जोर गाडीचं तोंड वर उचलतो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होतं, की क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. रुतलात तर अवजार सोडा, चाकापुढची माती खणा, मागे घेऊन बघा. नाही जमलं तर दुसऱ्या ट्रॅक्टरने खालच्या हुकातून ओढून घ्या. अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण घरचा माणूस सलामत राहिला पाहिजे.

रस्त्यावरही जपा. ओल्या डांबरावर झिजलेला टायर ब्रेक धरत नाही. दोन्ही ब्रेकची पेडलं जोडूनच रस्त्यावर या. ट्रॉली इतकी भरू नका की पुढची चाकं हलकी होतील. पुढची चाकं हलकी झाली, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

ध्यानात ठेवा

• आधी तास मोजा, मग टायर निवडा.
• माप, बाण आणि तयार झाल्याचा आठवडा पाहून घ्या.
• रानात हवा कमी, ओढणीला जास्त, आकडा पुस्तिकेचा.
• घसर 8 ते 15 टक्के.
• वापसा नाही तर ट्रॅक्टर नाही.
• चाकाला ओंडका कधीही बांधू नका.

हे पत्रक ट्रॅक्टरच्या पेटीत जपून ठेवा. गाडी घरचा मुलगा किंवा गडी चालवत असेल, तर त्यालाही मोठ्याने वाचून दाखवा.